पावसाळ्यात उभ्या रॅकवरची रोपे पुन्हा पुन्हा का कोलमडतात?

घरातल्या एखाद्या खोलीत चार-पाच कप्प्यांचा लोखंडी रॅक उभा करून, प्रत्येक कप्प्याला एलईडी ट्यूब लावून मेथी, मोहरी, मुळा, राजगिरा यांची कोवळी रोपे घेणाऱ्या बेळगाव, खानापूर परिसरातील मंडळींकडून दर पावसाळ्यात एकच तक्रार ऐकू येते. उन्हाळाभर सगळे ट्रे उत्तम निघतात. मृग सरतो, आर्द्रा लागते, पाऊस झड धरतो आणि पेरणीनंतर चौथ्या-पाचव्या दिवशी ट्रेच्या मध्यभागी रुपयाएवढा भाग आडवा पडलेला दिसतो. दुसऱ्या दिवशी तो बशीएवढा होतो आणि तिसऱ्या दिवशी ट्रे उकिरड्यावर जातो. नवे बियाणे आणले, मातीऐवजी वापरायचा नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजे कोकोपीट, बदलले, कोणाच्या सांगण्यावरून बुरशीनाशक फवारले, तरी आठवडाभर उसंत मिळते आणि पुन्हा तेच सुरू होते. पुनर्वसू आणि पुष्य या नक्षत्रांत, म्हणजे तरण्या आणि म्हाताऱ्या पावसात, तर सलग तीन-चार पेरण्या हातच्या जातात आणि ग्राहकांना द्यायला काही उरत नाही.

या तक्रारीत एक खूण नेहमी असते, पण तिच्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. सर्वांत वरच्या कप्प्यातील ट्रे सहसा वाचतात, त्याखालचे कप्पे सापडतात आणि त्यांतही भिंतीला लागून असलेली बाजू आधी जाते. बियाणे, पाणी आणि माती सगळीकडे एकच असताना नुकसान जर ठरावीक जागीच होत असेल, तर कारण बियाण्यात किंवा मातीत शोधण्याआधी त्या जागेत शोधायला हवे. माझ्या पाहण्यात आलेल्या बहुतेक रॅकमध्ये हे कारण कप्प्यात कोंडलेली दमट हवा हेच निघाले आहे, आणि म्हणूनच बियाणे बदलून किंवा औषध मारून ते दूर होत नाही.

आधी रोगाची ओळख पटवून घ्यावी

रोपे आडवी पडली म्हणजे बुरशीच लागली असे गृहीत धरू नये. आडव्या पडलेल्या भागाच्या कडेचे एक रोप चिमटीत धरून हळूच उपटावे आणि उजेडात पाहावे. देठ मातीच्या पातळीशी दोऱ्यासारखा बारीक झाला असेल, तेथे पाणथळ, तपकिरी डाग असेल आणि वरची दोन पाने मात्र अजून हिरवी असतील, तर ती रोपमर आहे. पिथियम, रायझोक्टोनिया, फ्युजारियम अशा बुरशीसदृश आणि बुरशीजन्य जीवांमुळे ती होते. हे जीव मातीत, पाण्यात आणि न धुतलेल्या ट्रेच्या कोपऱ्यांत असतातच, परंतु त्यांना जोर धरायला सतत ओला पृष्ठभाग आणि स्थिर हवा लागते.

देठ पांढुरका, लांबलचक, पण बुडाशी टणक आणि निरोगी असेल, तर ती रोपमर नव्हे. रोपे उजेडासाठी उंच ताणली गेली आणि स्वतःच्या भाराने लवली, इतकाच त्याचा अर्थ. अशा वेळी ट्यूब पानांच्या वर सहा ते आठ इंचांवर आणावी. पानांच्या पातळीवर सुमारे १०,००० लक्स उजेड मिळतो की नाही हे मोबाइलमधील लक्स मोजणाऱ्या अ‍ॅपवर अंदाजाने पाहता येते. अ‍ॅपचा आकडा काटेकोर नसतो, पण एका कप्प्यात दुसऱ्याच्या निम्माच उजेड आहे एवढे त्यावरून निश्चित कळते.

तिसरी गोष्ट म्हणजे मुळांवरचे पांढरे केस. मुळा आणि मोहरी उगवताना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी प्रत्येक मुळाभोवती पांढरी, मऊ लव दिसते आणि ती बुरशी समजून कितीतरी चांगले ट्रे फेकले जातात. त्यावर पाण्याचा बारीक फवारा मारावा. मूळकेस असतील तर ते ओले होऊन मुळाला चिकटतात आणि लव दिसेनाशी होते. बुरशी असेल तर तिचे जाळे एका दाण्यावरून दुसऱ्या दाण्यावर, मातीवरून देठावर पसरलेले असते, फवारा मारल्यावरही तसेच राहते आणि ट्रे नाकाजवळ नेल्यास कुबट वास येतो.

जागेचा दोष की ट्रेचा, हे ठरवण्याची चाचणी

एकाच दिवशी, एकाच पुडीतले बियाणे सारख्या वजनाने दोन ट्रेमध्ये पेरावे. एक ट्रे सर्वांत वरच्या कप्प्यात ठेवावा आणि दुसरा नेहमी नुकसान होते त्या मधल्या कप्प्यात. पुढच्या पेरणीला तेच दोन ट्रे धुऊन त्यांच्या जागांची अदलाबदल करावी. दोन्ही वेळा मधल्याच कप्प्यातील रोपे कोलमडली, तर दोष जागेचा आहे. कोलमडणे ट्रेबरोबर वर-खाली फिरले, तर दोष ट्रेच्या स्वच्छतेत, मातीत किंवा बियाण्यात आहे. या चाचणीला दोन-तीन आठवडे जातात आणि माल द्यायची घाई असताना ते जिवावर येते. तरीही ती करावीच, कारण ती न केल्यास प्रत्येक पावसाळ्यात पैसे चुकीच्या ठिकाणी खर्च होतात.

कप्प्यात नेमके काय घडते

उभ्या रॅकचा सगळा फायदा जागा वाचण्यात आहे आणि अडचणही तेथूनच येते. दोन कप्प्यांत बारा-चौदा इंचांचे अंतर, खाली ओला ट्रे, वर पत्र्याचे किंवा प्लायवुडचे बूड आणि मागे भिंत अशी रचना असली की प्रत्येक कप्पा तीन बाजूंनी बंद खोका बनतो. रोपे मुळांतून घेतलेले बहुतेक पाणी पानांवाटे पुन्हा हवेत सोडतात, त्यामुळे ट्रेला घातलेले पाणी शेवटी याच खोक्यातील हवेत येते. वरच्या कप्प्यावर झाकण नसल्याने तेथील वाफ निघून जाते आणि म्हणून तो वाचतो.

आता यात तापमानाचा भाग पाहावा. एक घनमीटर हवा २५ अंश सेल्सिअसला जास्तीत जास्त सुमारे २३ ग्रॅम वाफ धरू शकते आणि २० अंशांना सुमारे १७ ग्रॅम. ट्यूब चालू असताना कप्प्यात २५ अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता असेल, तर त्या हवेत साधारण १७ ग्रॅम वाफ असते. रात्री ट्यूब बंद झाल्या आणि कप्पा २० अंशांपर्यंत निवला, की तेवढ्याच वाफेने हवा पूर्ण भरते. पुढे पाने आणि माती यांतून येणारी प्रत्येक ग्रॅम वाफ थेंब होऊन पानांवर, देठांवर आणि थंड पत्र्याच्या खालच्या बाजूला जमते. पहाटे टॉर्च घेऊन मधल्या कप्प्यात पाहिले तर वरच्या पत्र्याखाली थेंबांची ओळ आणि खालच्या रोपांवर त्यांचे ओघळ स्पष्ट दिसतात. दिवसा आर्द्रतामापक समाधानकारक आकडा दाखवतो आणि रोग रात्रीत वाढतो. त्यामुळे पाहणारा फसतो.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर आहे. येथे जुलैत दिवसाचे कमाल तापमान २५-२६ अंशांच्या आसपास आणि रात्रीचे २० अंशांच्या आसपास असते, आणि झड असताना बाहेरची हवाही जवळजवळ पूर्ण भरलेली असते. खानापूरच्या पश्चिमेला जांबोटी, कणकुंबीकडे पाऊस याहून कितीतरी अधिक, म्हणून तिकडच्या कौलारू घरांत ही अडचण आणखी तीव्र होते. अथणीकडे पाऊसच कमी असल्याने तेथे ती तितकी जाणवत नाही. एका गावच्या माणसाने यशस्वी केलेली पद्धत दुसऱ्या गावी जशीच्या तशी का लागू पडत नाही, याचे कारण येथे आहे.

पावसाळ्यात उजेड रात्री द्यावा

माझ्या मते सर्वांत परिणामकारक उपाय हा आहे आणि त्याला एक पैसाही खर्च येत नाही. बहुतेकजण सकाळी सहाला ट्यूब लावतात आणि रात्री आठ-दहाला बंद करतात. पावसाळ्याच्या चार महिन्यांत हे वेळापत्रक उलटे करावे. संध्याकाळी सातला ट्यूब चालू कराव्यात आणि सकाळी नऊला बंद कराव्यात. उजेडाचे चौदा तास तितकेच राहतात आणि कोवळ्या भाजीला ते दिवसा मिळाले की रात्री, याने काही बिघडत नाही. बदल एवढाच होतो की बाहेर सर्वांत थंड असलेल्या वेळी ट्यूबची ऊब कप्प्यात असते आणि ट्यूब बंद असण्याचे तास दिवसाच्या उबदार भागात येतात.

चार कप्प्यांना प्रत्येकी २० वॅटच्या दोन ट्यूब धरल्या तर एकूण भार १६० वॅट होतो. ही वीज शेवटी जवळजवळ सगळी उष्णतेच्या रूपाने खोलीतच उतरते. बाहेरची हवा २१ अंशांना ९५ टक्के दमट असेल आणि खोलीत ती २५ अंशांपर्यंत तापली, तर वाफ तितकीच राहूनही आर्द्रता ७६ टक्क्यांच्या आसपास येते. रोपमरीला आळा घालायला हा फरक पुष्कळ आहे. दिवसाला सव्वादोन युनिट वीज लागते, ती दोन्ही वेळापत्रकांत सारखीच. मग ती उष्णता जेव्हा उपयोगी पडते तेव्हाच का घेऊ नये?

येथे एक खबरदारी घ्यावी. रात्रभर एक्झॉस्ट पंखा सतत चालू ठेवला तर तापलेली हवा बाहेर जाते, तिच्या जागी थंड आणि ओली हवा आत येते आणि केलेली सगळी सोय वाया जाते. झडीच्या दिवसांत एक्झॉस्ट तासातून दहा-पंधरा मिनिटे पुरतो. दुपारी पाऊस उघडून ऊन पडले तर मात्र खिडकी आणि एक्झॉस्ट दोन्ही मोकळे सोडावेत.

कप्प्यातील पंखा ट्यूबच्या टायमरवर नको

कप्प्यात हवा खेळती ठेवण्यासाठी संगणकात वापरतात तो १२० मिलिमीटरचा, १२ व्होल्टवर चालणारा पंखा पुरेसा होतो. तो दोन-तीन वॅटच वीज घेतो. प्रत्येक कप्प्याच्या एका टोकाला असा पंखा लावून दुसरे टोक मोकळे ठेवावे, म्हणजे हवा रोपांवरून आडवी वाहते. पाने हलकेच थरथरावीत, लवू नयेत, इतकाच वेग हवा. जोराच्या वाऱ्याने कोकोपीटचा वरचा थर वाळतो आणि उगवण विरळ होते.

अनेक रॅकमध्ये पंखा असूनही रोपमर होते, त्याचे कारण जोडणीत असते. तारा कमी लागाव्यात म्हणून पंखा आणि ट्यूब एकाच टायमरवर घेतलेले असतात. ट्यूब बंद झाल्या की पंखाही बंद होतो आणि नेमक्या धोक्याच्या तासांत कप्प्यातील हवा ठप्प होते. पंख्याला स्वतंत्र जोडणी द्यावी आणि तो चोवीस तास चालू ठेवावा. आपल्याकडे पावसात वीज जाणे नित्याचे असल्याने घरात इन्व्हर्टर असेल तर पंखे त्यावर घ्यावेत. सगळ्या पंख्यांचा भार मिळून एका लहान एलईडी बल्बाएवढाच असतो. ट्यूब इन्व्हर्टरवर घेण्याची गरज नाही. रोपे काही तास अंधारात राहिली तरी चालते, कोंडलेल्या हवेत मात्र ती टिकत नाहीत.

हवा खरोखर पोहोचते की नाही हे उदबत्तीने पाहावे. पेटलेली उदबत्ती प्रत्येक कप्प्याच्या मध्यभागी, चारही कोपऱ्यांत आणि मागच्या बाजूला ट्रेच्या कडेशी धरावी. धूर आडवा ओढला गेला तर ठीक. तो सरळ वर चढत वरच्या पत्र्याखाली साचू लागला, तर ती जागा मेली आहे असे समजावे, आणि बहुतेक वेळा रोपेही तेथेच कोलमडलेली सापडतात. भिंतीकडची बाजू या चाचणीत हटकून नापास होते. रॅक भिंतीपासून सहा ते नऊ इंच पुढे ओढला की तिच्यात लगेच फरक पडतो. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीला रॅक चिकटवून ठेवणे हा या कामातील सर्वांत महागात पडणारा काटकसरीपणा आहे.

आर्द्रतामापक भिंतीवरच्या खिळ्याला टांगू नये. तो मधल्या कप्प्यात, ट्रेच्या उंचीवर ठेवावा आणि त्याचा आकडा पहाटे वाचावा. तेथे ७० टक्क्यांच्या आत आकडा आला तर निर्धास्त राहावे. तो ८५ च्या वर जात असेल तर कितीही चांगले बियाणे आणले तरी त्या कप्प्यात पेरू नये.

रॅकची बांधणी

रॅक नव्याने करून घ्यायचा असेल तर बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे या भागांत फॅब्रिकेशनची कामे करणारे पुष्कळ आहेत. त्यांना कप्प्यासाठी सपाट पत्रा न लावता वेल्डेड जाळी लावायला सांगावे. जाळीतून हवा वर जाते आणि थेंब धरणारा थंड पत्राच उरत नाही. अट एवढीच की प्रत्येक भोकाच्या ट्रेखाली बिनभोकाचा ट्रे हवा, नाहीतर वरच्या कप्प्याचे पाणी खालच्या रोपांवर आणि ट्यूबवर पडेल. छिद्रांच्या अँगलचा रॅक घेतल्यास कप्प्यांतील अंतर हवे तेव्हा बदलता येते, आणि या सोयीचा पावसाळ्यात पुरेपूर उपयोग करावा. पाच कप्प्यांपैकी एक काढून उरलेल्या चारांतील अंतर सोळा ते अठरा इंचांपर्यंत वाढवावे. जागा वाचवण्यासाठी घेतलेल्या रॅकमधला एक कप्पा रिकामा करायचा हे मनाला पटत नाही, हे मी समजू शकतो. परंतु पाच कप्पे भरून त्यांतले दोन फेकण्यापेक्षा चार कप्पे भरून चारही काढणे केव्हाही बरे. श्रावण-भाद्रपदात पाचवा कप्पा घालायचा मोह आवरावा आणि दसऱ्यानंतर तो परत चढवावा. उंच रॅक भिंतीला पट्टीने आवळायला मात्र विसरू नये, कारण ओला ट्रे दोन-तीन किलोंचा भरतो आणि वरचा भाग जड झाला की रॅक डोलतो.

विजेबाबत एवढेच सांगतो की दमट खोलीत, ओल्या हातांनी हाताळायच्या लोखंडी रॅकला अर्थिंग असलेच पाहिजे आणि त्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारी कळ, बसवलीच पाहिजे. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर किंवा ट्रेखाली ठेवू नये.

पाणी, बियाणे आणि ट्रे

पाणी वरून शिंपडू नये. खालच्या ट्रेमध्ये ओतावे, वीस-तीस मिनिटे शोषू द्यावे आणि उरलेले काढून टाकावे. ट्यूब चालू झाल्यावर पाणी दिले तर पृष्ठभाग वाळायला पुढचे चौदा तास मिळतात, म्हणून नव्या वेळापत्रकात ते संध्याकाळी सातनंतर द्यावे. पाणी कधी द्यायचे ते ट्रे उचलून वजनावरून ठरवावे. उन्हाळ्यात रोज पाणी मागणारा ट्रे झडीत दोन-दोन दिवस मागत नाही, पण सवयीने ते दिले जाते.

दाट पेरणी हेही मोठे कारण आहे. दहा बाय वीस इंचांच्या ट्रेला मोहरी दहा ते पंधरा ग्रॅम आणि मुळा पंचवीस ते पस्तीस ग्रॅम पुरतो. पावसाळ्यात यांतला खालचा आकडा धरावा. बियाणे काट्यावर मोजूनच घ्यावे, कारण मुठीचा अंदाज दर वेळी वेगळा पडतो.

कृषी सेवा केंद्रातील पाकिटातले गुलाबी, निळे किंवा हिरवट रंग चढवलेले बियाणे या कामासाठी कधीही वापरू नये. त्यावर शेतातील पेरणीसाठी थायरम, कॅप्टन यांसारखे बुरशीनाशक लावलेले असते आणि आपली रोपे आठ-दहा दिवसांत देठासकट कच्ची खाल्ली जातात. याच कारणाने उभ्या रोपांवर कार्बेन्डाझिम, मेटालॅक्झिल किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड फवारणे मला अजिबात मान्य नाही. फवारणी आणि काढणी यांच्यात जेवढे दिवस जायला हवेत तेवढे दिवस या पिकाकडे नसतातच, आणि ही भाजी कोणाच्या तरी लेकरांच्या ताटात पडते. कोलमडलेला ट्रे वाचवायच्या फंदात न पडता तो पूर्ण बाहेर काढावा. मधला भाग कापून कडेची रोपे विकणे योग्य नाही.

त्या ट्रेमधील कोकोपीट पुन्हा पेरणीला घेऊ नये. परसातल्या झाडांना ते चालते. ट्रे आधी ब्रशने घासून, कोपऱ्यांतील मुळांचे तंतू काढून धुवावा आणि मग एक भाग घरगुती ब्लीच व नऊ भाग पाणी यांच्या मिश्रणात पंधरा-वीस मिनिटे बुडवून, स्वच्छ पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावा. न घासता ब्लीचमध्ये बुडवलेल्या ट्रेचा उपयोग होत नाही, कारण चिकटलेल्या घाणीखाली औषध पोहोचत नाही. ब्लीच दुसऱ्या कोणत्याही सफाईच्या द्रवात मिसळू नये आणि हे काम उघड्यावर करावे.

हे सर्व करूनही रोपे पडत असतील

उदबत्तीचा धूर सगळीकडे आडवा जातो, पहाटेची आर्द्रता ७० च्या आत आहे, ट्रे ब्लीचमध्ये धुतलेले आहेत आणि तरीही रोपे कोलमडतात, असे क्वचित घडते. तेव्हा पाण्याकडे पाहावे. उघड्या हौदातील किंवा गच्चीवरच्या झाकण नसलेल्या टाकीतील पाण्यातून पिथियम येऊ शकतो. आठवडाभर उकळून गार केलेले पाणी वापरून पाहिले की उत्तर मिळते. त्यानेही फरक पडला नाही तर बियाणे दुसऱ्या ठिकाणाहून घ्यावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि वहीत तारीख, कप्पा, बियाणे व पहाटेची आर्द्रता लिहून ठेवावी.

एवढे होऊनही उलगडा झाला नाही तर नमुना बैलहोंगल तालुक्यातील मत्तीकोपच्या कृषी विज्ञान केंद्रातील किंवा धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठातील रोगशास्त्राच्या तज्ज्ञांना दाखवावा. नमुना नेताना पूर्ण मेलेली रोपे नेऊ नयेत. नुकतीच लवू लागलेली आणि त्यांच्या शेजारची अजून उभी असलेली रोपे मातीसकट उचलावीत, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळावीत आणि त्याच दिवशी पोहोचवावीत. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून नेले तर वाटेतच त्यांवर दुसरी बुरशी चढते आणि मूळ रोग ओळखता येत नाही.